‘डिकीत ठेवली होती’ एवढे पुरेसे नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गाडीतून पिस्तूल किंवा बंदूक चोरीला गेल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात बहुधा एक वाक्य असते: ‘शस्त्र डिकीत कुलूपबंद ठेवले होते.’ वाचणाऱ्याला वाटते, मालकाने आपल्या परीने काळजी घेतली होती. पण कुलूप कशाला होते, डिकीला की डिकीतल्या पेटीला? पेटी गाडीला जखडलेली होती की नुसती ठेवलेली? शस्त्र भरलेले होते की रिकामे? काडतुसे त्याच पेटीत होती का? हे चार प्रश्न बातमीत आले, तर तीच बातमी दुसऱ्या परवानाधारकाच्या उपयोगी पडेल. वार्ताहरांनी ते यापुढे विचारावेत अशी विनंती आहे, आणि त्यांची उत्तरे कशी असायला हवीत ते जरा सविस्तर मांडतो.

डिकीचे झाकण पाऊस, धूळ आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर यांच्यापासून सामानाला आडोसा देण्यासाठी केलेले असते. त्याहून जास्त त्याच्याकडून मागू नये. सेडान गाडीची डिकी उघडायचे मार्ग मोजून पाहा. मागची किल्ली किंवा बटण, खिशातला रिमोट, ड्रायव्हरच्या सीटशेजारची कळ, मागच्या सीटची पाठ खाली पाडणारा खटका, हात टेकवायच्या गादीमागची लहान खिडकी. शिवाय अनेक गाड्यांत डिकीच्या आतून ओढायची एक मूठ असते. डिकीत अडकलेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, बाहेर पडता यावे म्हणून ती दिलेली असते. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीच्या मोटारींना अशी आतली सोय सक्तीची आहे. जीव वाचवणारी वस्तू आहे, ती काढून टाकायचा विचारही करू नये. पण चोराने काच फोडली, मागची सीट पाडली आणि आत हात घातला, की तीच मूठ त्याच्या कामी येते. तेव्हा काच फुटली म्हणजे डिकी उघडली, असेच धरून चालावे. काही गाड्यांत डिकीचे आतले बटण बंद करणारा खटका डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो आणि सीटच्या पाठीला किल्लीचे कुलूपही असते. गाडीची पुस्तिका उघडून ते आहेत का पाहा आणि असतील तर वापरा.

पेटीकडे वळण्याआधी वेळेचे बोलायला हवे. शस्त्र गाडीत राहावे ते प्रवासापुरते: घरून नेमबाजीच्या रेंजवर, रेंजवरून घरी, मध्ये एखाद्या कामासाठी थांबलात तर तेवढ्यापुरते. रात्रभर, आठवडाभर, ‘परत जायचेच आहे’ म्हणून डिकीत ठेवायचे, हे कितीही भक्कम पेटी असली तरी चुकीचे. पेटी चोराला थांबवत नाही, त्याचा वेळ खाते. वर्दळीच्या ठिकाणी दिवसाउजेडी चोराकडे दोन-चार मिनिटे असतात. तेवढी मिनिटे खाल्ली तरी पेटीचे काम झाले. रात्री निर्जन जागी उभ्या गाडीजवळ त्याला तासन्‌तास मिळतात, आणि तेवढा वेळ पुरेल अशी पेटी कोणत्याही डिकीत मावत नाही. पुन्हा, गाडीच चोरीला गेली तर पेटी सोबतच गेली.

आता रिकामे करणे. हे काम गाडीत बसून किंवा डिकीवर वाकून करूच नये. अरुंद जागेत नळीचे तोंड कुठेतरी माणसाच्या, सीटच्या किंवा टाकीच्या दिशेने जातेच. घरी, नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून दूर ठेवून हे उरकावे आणि मगच गाडीकडे निघावे. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा सुटा डबा, काढायचे, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या घरातले, काडतूस बाहेर काढायचे. क्रम उलटा झाला तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले वरचे काडतूस आत ढकलते. मग मॅगझीन काढून माणूस निर्धास्त होतो आणि पिस्तूल मात्र भरलेलेच असते. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून गोळी सुटण्याचे हे नेहमीचे कारण. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग करंगळीचे टोक आत घालून चाचपून पाहा. उजेड कमी असेल तेव्हा डोळे फसतात, बोट फसत नाही. खात्रीसाठी चाप दाबून पाहण्याची सवय असेल तर ती मोडा.

रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बाहेर काढून दट्ट्या पूर्ण दाबा आणि पडलेली काडतुसे मोजा. सहा घरांतून पाच पडली तर सहावे कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुनळी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. बोल्टच्या रायफलचा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारी मागेपुढे सरकणारी खीळ, काढूनच घ्यावा आणि वेगळ्या कुलपात ठेवावा.

यातच एक बारीक गोष्ट आहे, जी अनेक वर्षे पिस्तूल बाळगणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. रोज तेच एक काडतूस चेंबरमध्ये भरले आणि काढले, की स्लाइडच्या प्रत्येक दणक्याने गोळी काडतुसाच्या पितळी कवचात किंचित आत सरकते. कवचातली जागा कमी झाली की दारू पेटताना दाब वाढतो, आणि तो धोक्याच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. काढलेले काडतूस नव्या काडतुसाशेजारी सपाट फरशीवर उभे करा. उंचीत नजरेला कळेल एवढा फरक असेल तर ते वापरू नका. पण मुळात गाडीसाठी रोज भरणे-काढणे करावे लागत असेल, तर पिस्तूल गाडीत ठेवण्याची गरज आहे का याचाच विचार करावा.

रिकाम्या शस्त्राला पेटीत घालण्याआधी केबल-कुलूप लावावे. पिस्तुलात ती तार काडतूस बाहेर फेकणाऱ्या खिडकीतून घालून मॅगझीनच्या पोकळीतून बाहेर काढतात, म्हणजे स्लाइड बंद होऊ शकत नाही आणि मॅगझीन बसू शकत नाही. चापावर बसणारे कुलूपही मिळते, पण ते भरलेल्या शस्त्राला कधीही लावू नये. लावताना किंवा हलवताना त्याची आडवी खुंटी चाप दाबू शकते. ही कुलपे अवजाराने तोडता येतात हे खरे. त्यांचा खरा उपयोग मुलांच्या आणि अजाण हातांसाठी आहे, आणि तेवढ्यासाठी ती हवीतच.

पेटी घेताना पहिला प्रश्न पत्र्याच्या जाडीचा. विक्रेता ‘सोळा गेज’ म्हणतो तेव्हा तो सुमारे दीड मिलिमीटरचा पत्रा असतो. चौदा गेज सुमारे १.९ आणि बारा गेज सुमारे २.७ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, यात घोटाळा करणारे पुष्कळ आहेत. अठरा गेज म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर, जाड स्क्रू ड्रायव्हरने त्याचा काठ वाकतो. एका पिस्तुलाच्या पेटीला सोळा गेज ही किमान मर्यादा समजावी. पण जाडीपेक्षाही झाकणाची ठेवण महत्त्वाची. झाकण पेटीच्या काठावर नुसते टेकत असेल, तर फटीत पाते घालून उचकटता येते. झाकण काठाच्या आत बसत असेल, किंवा पेटीचा काठ आत दुमडलेला असेल, तर पात्याला जागाच मिळत नाही. बिजागरी बाहेर असेल तर तिची पिन ठोकून काढता येते का ते पाहावे. पेटी बंद करून दोन्ही हातांनी झाकणाचा कोपरा वर ओढावा. फट दिसली तर पेटी ठेवून द्यावी.

कुलपाबाबत माझे मत स्पष्ट आहे: गाडीतल्या पेटीला किल्लीचे किंवा फिरवायच्या आकड्यांचे यांत्रिक कुलूप असावे. बटणांच्या स्वस्त पेट्यांत आत सोलेनॉइड असते. म्हणजे आकडा बरोबर दाबला की वीज जाऊन लोखंडी खुंटी मागे सरकते आणि मूठ फिरते. अशा खुंटीला धरणारी स्प्रिंग कमकुवत असली की पेटीला धक्का बसताच ती क्षणभर स्वतःच उडते. विकत घेताना रिकामी पेटी बंद करून मूठ फिरवत वरून तळहाताने थाप मारून पाहा. उघडली तर दुकानातच सोडा. खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत अशी पेटी ठेवायची कशी? शिवाय तापलेल्या डिकीत बॅटरी लवकर संपते. साध्या अल्कलाइन सेलना सुमारे ५४ अंशांपर्यंतचे तापमान चालते, लिथियमच्या पेन्सिल सेलना सुमारे ६० पर्यंत. उन्हात उभी गाडी या आकड्यांच्या जवळ सहज जाते. बोटाचा ठसा वाचणारे कुलूप ओल्या, तेलकट किंवा चिरा पडलेल्या बोटाला दाद देत नाही. बटणांचेच कुलूप घेतले असेल तर सेल दर सहा महिन्यांनी न चुकता बदला, संपायची वाट पाहू नका. सोबत आलेली जादा किल्ली गाडीत ठेवू नका, आणि गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातही नको. जुडगा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की पेटी असूनही नसल्यासारखीच.

आता पेटी गाडीला जखडणे. सगळ्यात जास्त हयगय होते ती इथेच. मोकळी पेटी म्हणजे चोरासाठी मूठ लावून ठेवलेले पार्सल. ती तो घरी नेऊन निवांत फोडतो. बहुतेक पेट्यांबरोबर प्लॅस्टिकचे आवरण असलेली साधारण ५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार येते. हाताने चालवायच्या चांगल्या कटरने ती काही क्षणांत तुटते, हे माहीत असू द्या. तरी काहीच नसण्यापेक्षा ती बरी, पण बांधायची कशी ते महत्त्वाचे. सीटच्या चौकटीच्या बंद पोलादी भागातून किंवा डिकीच्या तळाला बोल्टने बसवलेल्या सामानाच्या कडीतून ती घ्यावी. कडी प्लॅस्टिकच्या अस्तराला नुसती स्क्रूने लावलेली असेल तर ओढली की हातात येते. म्हणून अस्तर उचलून ती कशाला बसवली आहे ते आधी पाहावे. तार ताणून घ्यावी. सैल वेटोळे राहिले की कटरला जागा मिळते, आणि गाडी हलताना पेटीच्या खाचेच्या धारेवर घासून तार आतून झिजते. मुलांच्या सीटसाठी असलेल्या कड्यांना ती कधीही बांधू नका.

बोल्टने बसवलेली पेटी हाच खरा उपाय. ती बसवताना ज्या चुका होतात, त्या सगळ्या घाईच्या आहेत.

डिकीचा गालिचा काढा, गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून पाहा. तळाच्या खाली काय आहे हे न पाहता ड्रिल लावणे म्हणजे पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी किंवा तारांचा जुडगा भोसकण्याची तयारी. काही गाड्यांची बॅटरीही डिकीतच असते. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत तळाशी जास्त विद्युतदाबाच्या बॅटऱ्या आणि नारिंगी आवरणाच्या तारा असतात; तिथे नवे भोक पाडूच नका, आधीची आटे असलेली भोके शोधा, नाहीतर तारेवरच भागवा. सीटबेल्टचे बोल्ट मात्र कुठल्याही गाडीत खोलायचे नाहीत. तिथे पेटीची पट्टी अडकवण्याचा मोह होतो, कारण ते भक्कम असतात. ते भक्कम आहेत ते माणसांसाठी.

जागा ठरली की आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, खालून बरोबर आल्याची खात्री करावी, मग ८.५ मिलिमीटरपर्यंत वाढवावे. बोल्ट आठ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. चार घालावेत, दोनच मावत असतील तर ते तिरक्या कोपऱ्यांत. बोल्टचे डोके पेटीच्या आत आणि नट गाडीखाली, म्हणजे पेटी बंद असताना डोक्याला पाना लागणार नाही. नट नायलॉनच्या कड्याचे घ्यावेत, साधे नट हादऱ्यांनी सैल होतात. खालून नट सोडवता येईल अशी शंका असेल तर तिथे पाना न बसणारे, तुटत्या डोक्याचे नट मिळतात.

आणि आता ती चूक, जी सर्रास दिसते. डिकीच्या तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेरच असतो. नटाखाली नेहमीचा छोटा वायसर घातला आणि पेटीखाली पहार घालून उचकटले, तर बोल्ट शाबूत राहतो, पेटीही शाबूत राहते, फाटतो तो पत्रा. बोल्ट वायसरसकट वर येतो. म्हणून तळाच्या खालून किमान ३ मिलिमीटर जाडीची, दोन बोल्ट एकत्र धरील एवढी पट्टी लावावी. जोर मग पसरतो. पट्टी मिळत नसेल तर निदान ३० मिलिमीटर व्यासाचे जाड वायसर. पेटी गालिच्यावर बसवू नका. गालिचा आणि खालचा फोम दबत जातात, महिन्याभरात बोल्ट सैल होतात आणि पेटीखाली पहार घालण्याएवढी फट तयार होते. पेटीच्या मापाचा गालिचा कापून काढा, धातूवर पातळ रबर टाका, त्यावर पेटी. २० ते २५ न्यूटन-मीटरच्या जोराने आवळा, आणि ५०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावा.

भोकाच्या कडा घासून, जस्ताचा प्रायमर लावून, बोल्ट बसल्यावर खालून सीलंट भरलेच पाहिजे. ते केवळ गंजासाठी नाही. डिकीच्या तळाला उघडे भोक राहिले तर सायलेन्सरचा धूर त्यातून गाडीत शिरू शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो.

पेटी डिकीत कुठे, हाही प्रश्न आहे. डिकीचा मागचा भाग मागून धडक बसल्यावर चेपण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून पेटी सीटच्या पाठीला लागून, पुढे असावी. आणि जखडलेली असावी ती चोरापुरती नाही. १० किलोची मोकळी पेटी ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत पुढे जाते ती साधारण १० मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने. सीटची पाठ तिला अडवेलच असे नाही, आणि तिच्यापुढे माणसे बसलेली असतात.

हॅचबॅक आणि एसयूव्हीत वेगळी डिकी नसते, फक्त सीटमागची मोकळी जागा. तिथे वरची फळी किंवा ओढायचा पडदा असेल तरच नजरेची आड मिळते. नसेल तर पेटी सीटखाली, रुळांच्या मधल्या आडव्या पट्टीला जखडावी, मात्र सीट पुढेमागे करताना ती तारांना दाबत नाही ना हे पाहून. अमेरिकेच्या १९८६ च्या संघीय कायद्यात राज्याराज्यांतून बंदूक नेण्याची जी तरतूद आहे, तिच्यात हाच फरक केला आहे: शस्त्र रिकामे आणि हाताला येणार नाही असे हवे, आणि वेगळी डिकी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत हवे. डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटांमधला कप्पा त्यात धरलेला नाही, आणि ते योग्यच आहे. प्लॅस्टिकचा तो खटका बोटांनी तुटतो. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२५ पासून माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचे तर टणक, कुलूपबंद पेटीत आणि नजरेआडच ठेवावे लागते. आपापल्या परवान्याच्या अटी आणि जिथून जायचे तिथला कायदा निघण्याआधी वाचावा, हे वेगळे सांगायला नकोच.

लांब बंदुकीला अशी पेटी पुरत नाही. दुनळी सुटी करून नळ्या, पुढची लाकडी पकड आणि दस्ता अशा तीन भागांत ठेवली तर ती लहान, रुंद पेटीत मावते आणि बाहेरून बंदुकीसारखी दिसतही नाही. रायफलसाठी कडक प्लॅस्टिकची लांब पेटी घ्यावी लागते, आणि तिच्या कुलपांच्या सगळ्या भोकांत कुलपे घालावी लागतात. मधल्या एकाच भोकात कुलूप घालून भागवणारे पुष्कळ. पण मग प्लॅस्टिकचे टोक वाकते, हाताचा पंजा जाईल एवढी फट पडते. कुलपाचा कडा आखूड आणि किमान ६ मिलिमीटर जाड असावा. दुर्बीण लावलेली रायफल डिकीत आडवी, सीटच्या पाठीला लागून, दुर्बीण वरच्या बाजूला ठेवून न्यावी आणि तिच्यावर काहीही रचू नये.

काडतुसे दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. भरलेली मॅगझीनही काडतुसांतच मोडतात. उन्हातल्या गाडीत ती आपोआप उडतील ही भीती अनाठायी आहे, दारू पेटायला डिकीतल्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. खरा तोटा हळूहळू होतो. बंद गाडीतले तापमान उन्हात तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. असे दिवसेंदिवस तापत राहिले की दारूतले नायट्रोसेल्युलोज विघटित होऊ लागते. नुकतेच तापलेले काडतूस लगेच झाडले तर दाबही नेहमीपेक्षा जास्त येतो. म्हणून काडतुसे गाडीत मुक्कामाला ठेवायची नाहीत, आणि रेंजवर पोहोचल्यावर ती काही वेळ सावलीत राहू द्यायची.

गंजाचे कारण बहुतेकदा पेटीतला मऊ फोमच असतो. तो हवेतला ओलावा स्पंजसारखा शोषतो आणि पोलादाला चिकटवून ठेवतो. थंड गाडीतून दमट हवेत पेटी उघडली की धातूवर दव धरते, आणि तशीच बंद केली की ते दव फोममध्ये जाते. आठवड्याभरात जिथे घामट बोट लागले होते तिथे बोटाच्या रेषांसकट तांबूस ठसा उठतो. तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, बंद छिद्रांचा फोम वापरावा आणि पेटीत ५० ग्रॅम सिलिका जेल ठेवावे. रंग बदलणारे नारिंगी दाणे घेतले की ते कधी भरले ते कळते. सुमारे १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या म्यानात घालून पिस्तूल पेटीत ठेवू नये, कमावलेल्या चामड्यातले क्षार पोलादाला खातात.

इतके केल्यावरही चोराला सुगावा लागतो तो मालकाच्या वागण्यातून. पोहोचल्यावर पार्किंगमध्ये डिकी उघडायची, कमरेचे पिस्तूल काढून पेटीत ठेवायचे, झाकण आपटायचे आणि निघून जायचे: पाहणाऱ्याला याहून जास्त काय हवे? शस्त्र निघतानाच पेटीत गेले पाहिजे, आणि मुक्कामी डिकी उघडायलाच लागू नये. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा किंवा रेंजचा स्टिकर नको. बंदुकीच्या आकाराची पिशवी नको. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट धातूच्या पिशवीत ठेवा, कारण त्याचा संदेश लांबवर पोहोचवून गाडी उघडणारी उपकरणे चोरांकडे असतात. गाडी धुवायला, दुरुस्तीला किंवा पार्किंगवाल्याच्या हाती देताना पेटी रिकामी असलीच पाहिजे. तिथे कुठलीही पेटी पुरेशी नाही. जागा सांगणारे छोटे यंत्र पोलादी पेटीच्या आत टाकून भरवसा ठेवू नका, पोलाद त्याच्या लहरी अडवते. ते डिकीच्या अस्तरामागे वेगळे लपवावे.

अपघात झाला, गाडी ओढून न्यायची वेळ आली, की पोलिसांना आणि बचाव पथकाला पहिल्यांदा सांगायचे ते हे, की डिकीत कुलूपबंद शस्त्र आहे. ते दाखवायला स्वतः हात घालू नका. किल्ली त्यांच्या हाती द्या. आणि शस्त्राचा अनुक्रमांक, बनावट, नळीचे माप, परवान्याचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो घरी ठेवा. परवान्याची प्रत, पावती आणि अनुक्रमांकाचा कागद ज्या पेटीत शस्त्र त्याच पेटीत ठेवण्याची पद्धत फार आहे. मग पेटी गेली की पोलिसांना सांगायला आपल्याकडे फक्त ‘काळे पिस्तूल होते’ एवढेच उरते. चोरी कळली त्याच तासाला अनुक्रमांकासह तक्रार द्या, कारण क्रमांक नोंदलेला असला, तरच कुठेतरी सापडलेले ते शस्त्र ओळखता येते.

आपला,
एक परवानाधारक वाचक